डिजिटल अटक : दोष भोळेपणाचा नव्हे, एकटे पडण्याचा

मा. संपादक,
स. न.

'डिजिटल अटके'च्या नावाखाली, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून माणसाला घरातच 'अटकेत' ठेवून, झालेल्या फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्यांचा साचाही आता ठरून गेला आहे. निवृत्त प्राध्यापिका, डॉक्टर किंवा अभियंता 'उच्चशिक्षित असूनही' भामट्यांच्या थापांना बळी पडतो, आयुष्याची पुंजी जाते आणि अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा दाखल होतो. अशा बातमीतून वाचकाच्या मनात एवढेच उरते की शिकलेली माणसेही भाबडी निघाली, आपण त्या जागी असतो तर फोन केव्हाच आपटला असता. बँकेत नोकरीची सारी वर्षे काढलेला माणूस म्हणून मला हा समज चुकीचाच नव्हे, तर घातक वाटतो.

लॉटरीच्या किंवा दामदुपटीच्या फसवणुकीत माणसाची हाव भामट्याच्या कामी येते, इथे मात्र त्याचा कायद्याविषयीचा आदर कामी येतो. तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगून फोन 'मुंबई पोलिसां'कडे किंवा 'सीबीआय'कडे जोडून दिला जातो. पडद्यावर गणवेशातला अधिकारी दिसतो, त्याच्यामागे भिंतीवर बोधचिन्ह असते. मग सर्व रक्कम तपासणीसाठी एका खात्यात भरा, निर्दोष ठरलात की ती परत मिळेल, असे आश्वासन दिले जाते. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची ज्याला घाई असते, तोच पैसे भरतो. 'कर नाही त्याला डर कशाला' असे आपण म्हणतो खरे, पण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हेही आपणच म्हणतो, आणि पोलिसांचे नाव निघताच सामान्य माणसाला आधी आठवते ते दुसरे वचन.

२०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना याच पद्धतीने सात कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी उभी करण्यात आली होती आणि तीत तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंगही वठवले गेले होते. हजारो कामगारांचा उद्योग सांभाळणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या या उद्योजकाला भोळे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. झालेला प्रकार त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

असे का घडते, याचा उलगडा अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून केलेल्या प्रयोगांतून बराचसा होतो. अधिकारी वाटणाऱ्या माणसाने शेजारी उभे राहून सांगितले म्हणून ४० पैकी २६ सामान्य नागरिकांनी एका अनोळखी माणसाला, आपल्या समजुतीप्रमाणे, ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे झटके दिले. झटके खोटे होते, आज्ञापालन खरे होते. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ टीका झाली, तिच्यात तथ्यही आहे, परंतु त्यांतील दोन उपप्रयोग आपल्या विषयासाठी मोलाचे आहेत. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास उतरले. आणि सोबत बसलेल्या दोघांनी 'आम्ही हे करणार नाही' म्हटले, तेव्हा ४० पैकी केवळ चौघे शेवटपर्यंत गेले.

भामट्यांनी हे प्रयोग वाचले असतील असे नाही, पण त्यांची कार्यपद्धती नेमकी याच दोन गोष्टींवर उभी आहे. फोनवरच्या आवाजाचा वचक पुरत नाही म्हणून ते व्हिडिओ कॉलचा आग्रह धरतात, आणि दुसऱ्या माणसाचा एक शब्द सारे उधळून लावू शकतो म्हणून 'हे प्रकरण गोपनीय आहे, घरच्यांनाही सांगाल तर तेही अडकतील' असे बजावून कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवायला लावतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये थांबा, विचार करा आणि कृती करा, असे सांगितले. सल्ला योग्यच आहे. परंतु भीतीने गाळण उडालेल्या आणि बंद खोलीत एकट्या पडलेल्या माणसाला विचार करता येत नाही, हेच तर या फसवणुकीचे भांडवल आहे. सावधगिरीच्या कॉलर ट्यूनचे काय झाले हे आपण पाहिलेच : काही दिवसांत लोक ती ऐकेनासे झाले आणि मग तिच्यावर चिडू लागले.

शिवाय पडद्यासमोर आज्ञा पाळायची सवय आपल्याला लावली कोणी? रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये व्हिडिओद्वारे केवायसीला, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या पडताळणीला, परवानगी दिली, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर पॅन कार्ड धरणे अंगवळणी पडले. करोनाकाळापासून न्यायालयांच्या खऱ्या सुनावण्याही पडद्यावर होऊ लागल्या. आजही बँकेतून फोन येतो आणि फोन करणाराच ग्राहकाला 'खातरजमेसाठी जन्मतारीख सांगा' म्हणतो. खातरजमा खरे तर ग्राहकाने करायला हवी. त्यामुळे १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच बँकांनी फोन करण्याची व्यवस्था स्वागतार्ह असली, तरी समोरच्याने विचारले की माहिती द्यायची ही सवय तेवढ्याने सुटणार नाही.

बँकांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पूर्वी मुदत ठेव मोडायची तर शाखेत यावे लागे आणि काउंटरवरचा माणूस सहज विचारी, 'काका, एवढी घाई कसली?' ग्राहकांना या चौकश्या आवडत नसत, आणि आम्हीही त्या प्रत्येक वेळी सद्भावनेनेच करत होतो असे नाही, कारण ठेवी टिकवण्याचे उद्दिष्टही असे. तरीही त्या प्रश्नामुळे मिलग्रॅमच्या प्रयोगातला तो दुसरा माणूस तिथे हजर असे. आता ॲपवर ठेव मोडून पैसे पाठवेपर्यंत ग्राहकाला कोणीही भेटत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, ज्या ज्येष्ठ ग्राहकांना हवे असेल त्यांच्यासाठी मोठी रक्कम नव्या खात्यावर जाण्यापूर्वी काही तासांचा विराम ठेवावा आणि त्या वेळात ग्राहकाने आधीच नेमलेल्या व्यक्तीला बँकेने फोन करावा. यात एक अडचण आहे, ती मी नाकारत नाही. आपल्याजवळ किती पैसे आहेत हे मुलांना कळू नये असे अनेक वडीलधाऱ्यांना वाटते, आणि खासगीपणाचा हा हक्क त्यांना पुरेपूर आहे. मग ती व्यक्ती मुलगा-सून असण्याची गरज नाही. मित्र, शेजारीण किंवा शाखेतला अधिकारीही चालेल, आणि तिला रक्कम न सांगता केवळ 'यांच्याशी एकदा बोलून घ्या' एवढे कळवले तरी पुरे. रुग्णालयाच्या तातडीच्या खर्चासाठी सवलत ठेवता येईल. हे सारे ऐच्छिकच असावे.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेऊन डिसेंबर २०२५ मध्ये तपास सीबीआयकडे सोपवला, हे उत्तम झाले. तथापि गेलेला पैसा काही वेळातच भाडोत्री खात्यांतून पुढे पांगतो, त्यामुळे सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार किती लवकर होते यावर तो गोठवता येणे पुष्कळसे अवलंबून असते. हा वेळ वाया जातो तो बहुधा लाजेपायी. लोक काय म्हणतील, मुले काय म्हणतील, या विचारात माणूस गप्प बसतो, आणि 'उच्चशिक्षित असूनही' अशा धाटणीचे मथळे ती लाज वाढवतात.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, अशा बातमीत पीडिताचे शिक्षण आणि हुद्दा सांगण्याऐवजी त्याला किती काळ कोणाशीही बोलू दिले गेले नाही, पैसे कोणत्या टप्प्यावर अडवता आले असते आणि बँकेत त्याला कोणी काही विचारले होते का, हे वार्ताहरांनी पोलिसांकडून व बँकेकडून मिळवून छापावे, आणि १९३० हा क्रमांक बातमीच्या शेवटी न देता मथळ्याखालीच द्यावा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली