सायकलीचा खोका विमानापुरता नको, रेल्वेत मावणारा हवा

महोदय,

२०२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या या १२०० किलोमीटरच्या राइडसाठी पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरची मंडळी तयारीला लागलीच आहेत. व्हिसा, ब्रेव्हे (पात्रतेसाठीच्या लांब पल्ल्याच्या राइड), रात्रीचे दिवे यांवर भरपूर बोललं जातं. विमानतळापासून पुढे सायकलीचा खोका कसा न्यायचा, हा विषय मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’ यावर सुटतो. तिथे गेल्यावर बघण्याजोगं फारसं काही उरत नाही, कारण खरी चूक इथेच, खोक्याच्या मापात झालेली असते.

दुकानातून फुकट मिळणारा खोका १३५ ते १४० सेंटिमीटर लांब असतो. कंपनीतून सायकल येते तेव्हा पुढचं चाक काढलेलं आणि मागचं जागेवर असतं. दोन चाकांच्या आसांतलं अंतर साधारण १०० सेंमी आणि त्यात मागच्या चाकाची त्रिज्या ३४, म्हणजे १३४ इथेच झाले. विमान कंपनी एवढा खोका घेते. फ्रान्समधल्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीत मात्र सुट्या केलेल्या सायकलीच्या पिशवीची मर्यादा १३० × ९० सेंमी आहे, आणि जुन्या माहितीत अजून १२० × ९० सापडतं. २०२४ पासून या गाड्यांत सामानाचे नियम कडक झाले असून नियमाबाहेरच्या सामानाला ५० युरो दंड आहे.

म्हणून मागचंही चाक काढा. दोन्ही चाकं निघाली की नेहमीच्या मापाची रोड फ्रेम पुढच्या चिमट्यासकट (फोर्क) १०५ सेंमीच्या आसपास येते आणि १२० × ८० × ३० च्या खोक्यात बसते. क्लब एकत्र खोके बनवून घेतात, तेव्हा कारखान्याला हेच माप द्यावं आणि पुठ्ठा सात प्लायचा सांगावा. पाच प्लायचा खोका एका पावसाच्या सरीत मऊ पडतो, आणि पॅरिसच्या ऑगस्टचा भरवसा नाही.

मागचं चाक काढल्यावर मात्र कामं वाढतात. फ्रेमचा भार पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीवर येतो, तेव्हा तिच्याखाली थर्माकोलचा जाड ठोकळा हवाच. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने सोडवून, फोममध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा. तो जागेवर राहिला तर खोका आडवा पडताच हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा, वाकतो, आणि तसा हँगर परक्या गावात मिळणं कठीण, म्हणून एक जादा सोबत ठेवा. चिमट्याच्या आणि मागच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचे अडसर बसवा. सायकलच्या दुकानात ते कचऱ्यात पडलेले असतात. अडसर नसेल तर खोका उभा आपटल्यावर चिमट्याची टोकं पुठ्ठा फाडून बाहेर येतात किंवा आत दाबली जातात. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल तर पॅडच्या फटीतही पट्टी हवी, नाहीतर प्रवासात ब्रेकचा लिव्हर दाबला जाऊन पिस्टन पुढे येतात आणि चाक बसत नाही.

डाव्या पेडलला उलटे आटे असतात हे माहीत असूनही घाईत माणसं चुकीच्या दिशेलाच पिळतात. पेडल घरीच एकदा सोडवून, ग्रीस लावून परत बसवून ठेवा. सीट पोस्ट (सीटचा दांडा) काढण्याआधी उंचीवर टेप मारा. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपवरचा काळा फोम उत्तम. स्वस्त आणि हलका. बुटं, हेल्मेट खोक्यात कोंबायचा मोह होतो, कारण विमानात बहुधा २३ किलो चालतात. पण हा खोका तुम्हालाच जिन्यावरून उचलायचा आहे. १७-१८ किलोंवर थांबा. उचलायच्या भोकांच्या कडा टेपने पक्क्या करा आणि वजन भोकांवर न टाकता दोन आडव्या पट्ट्यांवर घ्या.

आता रस्ता. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर खोका नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असं नाही. मोठ्या मापाच्या सामानाचं दार वेगळं असतं, तिथे उभं राहा. मुंबईहून रात्री सुटलेलं विमान सकाळी पोचतं, म्हणजे ऐन गर्दीत. आरईआर (शहरातून आरपार जाणारी जलद लोकल) आणि उपनगरी गाड्यांत सोमवार ते शुक्रवार ६.३० ते ९.३० आणि १६.३० ते १९.३० जोडलेली सायकल नेता येत नाही. खोक्यातली सायकल हे सामान, तिला वेगळं तिकीट नाही. तरी त्या वेळेत चढायला जागा मिळणार नाही; विमानतळावरच कॉफी प्यावी आणि साडेनऊनंतर निघावं.

२०१९ आणि २०२३ ला राइड पॅरिसजवळच्या राँबुये गावाहून सुटली होती. सगळे पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून एन लाइनची उपनगरी गाडी पकडायला सांगतात. लाइन बरोबर आहे, पण तिथे पोचायला विमानतळावरून येणारी आरईआर बी सोडून मेट्रो घ्यावी लागते. जिने चढा, लांबलचक बोगदे तुडवा, आणि लिफ्टचा पत्ता नाही. पॅरिसच्या मेट्रोत पूर्ण बिनजिन्याची लाइन १४ नंबरची, ती या वाटेवर येत नाही. त्यापेक्षा आरईआर बी थेट मासी-पालेझोपर्यंत घ्या, तिथून व्ही लाइनने व्हर्साय-शाँतिए आणि तिथून एन लाइनने राँबुये. गाड्या तीन, पण मेट्रो एकही नाही. बी लाइनची गाडी मासी किंवा सें-रेमीची असावी. रोबँसोंची पाटी असलेली मध्येच दुसरीकडे फुटून जाते आणि मासीला पोचत नाही. विमानतळाचं तिकीट २०२५ मध्ये १३ युरो होतं आणि ते राँबुयेपर्यंत चालतं. स्टेशनात आत-बाहेर करताना अरुंद फाटकाशी झटू नका, सामानाचं रुंद फाटक शोधा. उन्हाळ्यात रूळदुरुस्तीसाठी काही टप्पे बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी इल-द-फ्राँस मोबिलिते या तिथल्या वाहतूक संस्थेचं अ‍ॅप बघाच.

राइडनंतर आल्प्सकडे किंवा ब्रेस्टला जाणाऱ्यांसाठी टीजीव्ही. दारं गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात आणि फलाट नंबर साधारण वीस मिनिटं आधीच लागतो, म्हणजे खोक्यासकट पळापळ ठरलेली. पुष्कळदा दोन गाड्या जोडलेल्या असतात, १ ते ८ आणि ११ ते १८ डब्यांच्या, आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. चुकीच्या अर्ध्यात चढलात तर पुढच्या थांब्यावर खोका घेऊन उतरून धावायचं. फलाटावरच्या फलकात डब्याची जागा दिसते, ती आधी बघून ठेवा. पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांमागच्या फटीत ३० सेंमी जाडीचा खोका कधी बसतो, कधी नाही. नाहीतर डब्याच्या टोकाची सामानाची जागा, तीही लवकर चढणाऱ्याची. स्टेशनवरच्या लॉकरमध्ये तो मावत नाही.

रिकामा खोका फेकू नका. घडी करून, टेप आणि अडसर आतच ठेवून हॉटेलात ठेवता येईल का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. परतीला तिथल्या दुकानात खोका मिळतो, दोन-तीन दिवस आधी फोन केला तर हमखास. पण तो पुन्हा १४० सेंमीचा असतो. थेट विमानतळ गाठायचा असेल तर चालेल, मध्ये टीजीव्ही असेल तर नाही.

— एक ब्रेव्हेस्वार वाचक, पुणे