आप्पांचा धोटा

सोलापूर,
१० मे

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

डबी तू आधीच उघडली असशील, पेन हातात घेऊन फिरवून पाहिलं असशील. आता जरा बसून वाच. त्या पेनाचा खालचा अर्धा भाग ज्या लाकडाचा आहे ते ऐकून तू चिडशील. माळ्यावरचा आप्पांचा धोटा मी कापला. तोच, तुझ्या आजोबांच्या गिरणीतल्या मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा.

गड्ड्याच्या यात्रेला आला होतास तेव्हा तो पुण्याच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायचं तुझं ठरलं होतं. "पुढच्या खेपेला नेतो," म्हणालास. तेव्हापासून चार महिने तो माझ्या लेथशेजारी, लाकूड कातायच्या मशीनशेजारी, पडून होता आणि मी रोज त्याच्याकडे बघत होते. तुला विचारायला हवं होतं, मान्य. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून नाही विचारलं.

मोह कसा झाला ते सांगते. दोन वर्षं मी सीनाकाठची बाभूळ, कडुलिंब, चिंच, मिळेल त्याची पेनं केली. कच्चं लाकूड इथल्या उन्हात फार दगा देतं. आत पितळी नळी असते, ती काही आकसत नाही. वाळणारं लाकूड मात्र आकसतं आणि नळीवर ताणून उभं तडकतं. म्हणून ठोकळ्यांच्या टोकांना मेण लावून मी ते वर्षभर सावलीत ठेवते, तरी एप्रिल-मे आला की एखादा फुटतोच. आणि इथे समोर साठ-एक वर्षांचं मुरलेलं, वजनदार, गुळगुळीत लाकूड! त्याला आता कुठली चीर जाणार? (गेली. पुढे येतंच आहे.)

धोट्यात लाकूड दिसतं तेवढं नसतं. मधला भाग दोऱ्याची कांडी बसवायला पोकळ, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, आणि एका बाजूला दोरा बाहेर काढायचा चिनी मातीचा डोळा. भरीव लाकूड काय ते टोपी आणि पोकळीच्या मधे. माझ्या पेनाला दोन नळ्या लागतात, एकेक दोन इंचांहून थोडी मोठी. मी हिशेब केला, एका टोकाचा खालचा भाग, दुसऱ्याचा वरचा. अख्खं पेन आप्पांचं.

डोळा नसलेलं टोक आधी घेतलं. हॅक्सॉने टोपी उडवली, पाऊण इंचाचा चौकोनी ठोकळा काढला, मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडलं. नळी चिकटेना. फेविक्विक घालून बसवली, अर्ध्या तासाने हाताने फिरवली तर आत गरगर फिरली. बाळीवेशीतल्या कातारीमामांकडे गेले. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी ठोकळा नाकाशी धरला आणि म्हणाले, "बाई, हे तेल प्यालंय." गिरणीतलं वंगण इतकी वर्षं त्यात मुरलेलं. मग भोक आतून ॲसिटोनने तीनदा पुसलं, नळीला पॉलिश पेपरने चरे पाडले, तेव्हा कुठे धरली.

लेथवर चढवला आणि गोल धारेची पटाशी लावली, तसा वास सुटला. बाभळीला असा वास नाही. आप्पा पाळी संपवून आले की ओसरीवरच्या खुंटीला सदरा अडकवायचे, त्या सदऱ्याचा वास. मी मशीन बंद केलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले, तरी खोलीत तो होताच.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, कांडी बदलली की धोट्याच्या डोळ्याला तोंड लावून, श्वास ओढून दोरा बाहेर काढायचे. पाळीत कितीदा तरी. कापसाची धूळ सगळी पोटात. मी सून म्हणून आले तेव्हा ते मला गमतीने सांगायचे, "धोट्याला जेवढे मुके दिले तेवढे तुझ्या सासूला नाही दिले." सासूबाई लाटणं उगारायच्या.

आता अपराधाचं. डोळ्याकडचं टोकही मी घेतलं. लाकूड तिथे कमी आहे हे दिसत होतं, पण हाव सुटली होती. टोपीचा पोलादी खिळा लाकडात किती आत गेलाय ते मी पाहिलं नाही. ड्रिल त्या खिळ्यावर आपटलं, उसळलं, आणि लाकूड डोळ्यापासून टोकापर्यंत उभं फाटलं. माझ्या हाताला काही झालं नाही, तुझा पुढचा प्रश्न तोच असणार. चष्मा होता, मास्क होता. लेथवर मी हातमोजे घालत नाही आणि साडीही नेसत नाही. पदर त्यात सापडला तर माणूस ओढला जातो. बांगड्यासुद्धा काढून ठेवते, शेजारच्या काकू काय म्हणायचं ते म्हणोत. पस्तीस वर्षं शाळेत खडूची भुकटी खाल्ली, आता लाकडाची तेवढी जपून खाते.

म्हणून वरचा भाग बाभळीचा आहे. दोन रंग मुद्दाम जुळवलेत असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

चकाकी लाखेची आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, मग केवड्याच्या वाळक्या पानाने सारखी करायची. चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगवतात. फक्त लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तुमच्या ऑफिसात दारादारात सॅनिटायझरच्या बाटल्या आहेत, हात ओले असताना पेन धरू नकोस, चिकट होऊन डाग पडेल. रिफिल क्रॉस कंपनीच्या पद्धतीची लागते, साधी बसणार नाही.

शाईचं का नाही केलं म्हणून विचारशील. लाकूड शाई पितं, आत वेगळं अस्तर लागतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींना पाठवलेलं, ज्याबद्दल १९३५ साली गांधीजींनी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं, ते पेन एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. तेही लेथवरच होतं. मला जमेल, पण वासाने घर सोडावं लागेल म्हणतात.

धोट्याचा मधला पोकळ भाग ठेवलाय, आत एक कांडीही बसवून ठेवलीय. कपाटात ठेवायचा असेल तर तसाच ने, दोन्हीकडून बोडका. पोलादी टोप्या माझ्याकडे आहेत. चिनी मातीचा डोळा मात्र फुटला नाही. तो डबीच्या तळाशी कापसात गुंडाळलाय, पेन काढताना घाईत कापूस टाकून दिला असशील तर कचऱ्याची बादली आधी बघ.

तुझी,
आई