बावीस फोटो आणि माळवदाची खोली

पुणे
16 नोव्हेंबर

ती. अण्णा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

अण्णा, तुम्ही पाठवलेले बावीसच्या बावीस फोटो पाहिले. मावशीच्या लातूरच्या नव्या बंगल्यातलं ते पीओपीचं छत, त्यातले रंग बदलणारे दिवे, भिंतीएवढा टीव्हीचा पॅनल, एल आकाराचा सोफा. आपलं घरही तसंच करायची तुमची यादीही वाचली. फोनवर यावर बोलायला गेलं की तुम्ही "बघू, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देता आणि आई म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं, तुमचं तुमी बघा." म्हणून हे पत्र. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, निदान पहिलं पान तरी वाचावं लागतं.

आधी माझी चूक कबूल करते. तीन वर्षांपूर्वी बैठकीतली जुनी शहाबादी उखडून ती पांढरी, आरशासारखी फरशी मीच बसवून घेतली. तुम्ही दोघंही नको म्हणत होता. दुकानदार म्हणाला, "ताई, घर उजळून निघेल", आणि मला ते पटलं. घर उजळलं खरं. महालक्ष्म्यांच्या दिवशी हातात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आई त्याच फरशीवर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आई अजून म्हणते, "माझंच ध्यान नव्हतं." ध्यान असायलाच हवं असं नाही गं आई. घरात पाऊल टाकताना माणसाला ध्यान लावावं लागत असेल तर दोष पावलाचा नसतो. आपल्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार की त्या फरशीवर पुसलं तरी पांढरे डाग राहतात आणि थोडी ओल राहिली की पाय सरकतो. जुनी शहाबादी राखाडी, ओबडधोबड होती, पण चाळीस वर्षांत तिच्यावर कुणी घसरलं नव्हतं. तो दगड येतो तरी कुठून, कलबुर्गीकडून, आपल्या शेजारून.

तर बैठकीतली ती फरशी काढायची, हे माझ्या पैशाने. यावर चर्चा नको. पुन्हा शहाबादीच बसवू, फार घोटून न घेतलेली. एक लक्षात ठेवा, हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने धुवायचा नाही. गवंडी काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला हमखास ॲसिडची बाटली काढतो, तेव्हा अण्णा तिथे उभे राहा.

आता न्हाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बावीस फोटोंत न्हाणीचा एकही नाही. पाहुणे न्हाणी बघत नाहीत ना! पण रात्री दोनला अण्णा तुम्ही उठता ते बैठकीत जायला नाही. तिथे कमोड बसवायचा. आई, तुझं म्हणणं मला पाठ आहे, "त्याच्यावर बसल्यासारखंच वाटत नाही." नको बसूस. जुनं भांडं तसंच ठेवू आणि शेजारच्या कोपऱ्यात कमोड घेऊ, जागा आहे, मी दिवाळीत मापलीय. पण गुडघ्याचं दुखणं वाढलं की घाईघाईने काहीतरी करावं लागू नये, एवढंच.

कमोडशेजारी भिंतीला धरायचा दांडा हवा. टॉवेल अडकवायची नळी म्हणजे दांडा नव्हे, ती अंगाचा भार घेत नाही, स्क्रूसकट हातात येते. रबराच्या चकतीने फरशीला चिकटणारे दांडेही मिळतात, ते तर आणूच नका. स्टीलचा, विटेत खोल बोल्ट मारून बसवलेला, जमिनीपासून साधारण 33 ते 36 इंचांवर. नळाजवळ आणखी एक. आणि न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करायचं. आत कुणी पडलं तर आत उघडणाऱ्या दाराला त्याच माणसाचं अंग अडतं आणि बाहेरचे नुसते ढकलत बसतात. सुतार म्हणेल, "मॅडम, दार बाहेर उघडलं तर बरं दिसत नाही." त्याला म्हणा, नको दिसू दे.

गिझर बसवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लावून घ्या. ओल्या हाताला करंट बसला की तो क्षणाच्या आत लाईन तोडतो. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे बहुतेकदा अंगणात कुठेतरी पुरलेली एक तार, उन्हाळ्यात माती वाळली की तिचा उपयोग शून्य. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा.

पीओपीबद्दल. तुमची हौस मोडायची नाही, पण तुमच्या स्लॅबचा खरा त्रास वरून आहे. मे महिन्यात तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत तेच आपल्या अंगावर ओततो. खाली पीओपी लावलं तर थोडी धग अडते, हे खरंय. पण छत खाली येतं, पंखा डोक्याजवळ येतो, आणि वर गळती सुरू झाली तर भिंतीला ओल येईपर्यंत कळत नाही. उंदरांना मोकळं मैदान, ते वेगळंच. त्यापेक्षा होळीनंतर गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात द्या, पांढरा रंग ऊन परतवतो. दरवर्षी द्यावे लागतील. ते कायमचं हवं असेल तर फुटक्या पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांची गच्ची करतात तशी करू, पण ते पुढच्या वर्षी. पंखे मात्र या खेपेला बदलू, नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटमध्ये फिरतात, आपले जुने पंच्याहत्तर खातात. इन्व्हर्टरवर रात्र जास्त निघते.

आणि अण्णा, कूलर दार-खिडक्या बंद करून लावू नका हो! दरवर्षी सांगते. कोरड्या हवेत पाणी उडून गारवा येतो. हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती ओल साठते, मग तुम्ही म्हणता कूलर बिघडला. समोरची एक खिडकी वीतभर उघडी ठेवा.

पूर्वेच्या भिंतीची भेग पुट्टीने बुजवून वर वॉलपेपर लावायचा बेत दिसला. ती भेग पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी होते, म्हणजे पायाखालची काळी माती फुगते आणि आकसते. वॉलपेपर पहिल्याच उन्हाळ्यात फाटेल. आधी न्हाणीचं सांडपाणी त्या भिंतीच्या बुडाशी मुरतंय ते दूर न्या, भिंतीच्या कडेने फरशी लावून पाणी बाहेर उतरवा. मग दोन ऋतू थांबून बघू.

सोफा, पॅनल, पडदे यात मी पडत नाही. फक्त सोफा मऊ आणि खोल घेऊ नका, बसता येतं, उठता येत नाही. हौसच करायची तर दारातल्या ढाळजेची सागवानी चौकट घासून तिला तेल द्या, जवसाचं, पातळ हात, मध्ये दोन दिवस सुकू देऊन. तिच्यावरचा हिरवा ऑईलपेंट मी लहान असताना कुणाला सुचला कुणास ठाऊक. एक जपा, जवसाच्या तेलाचे चिंधीचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपसूक तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आता मागची खोली, माळवदाची, म्हणजे लाकडावर माती अंथरलेल्या छताची.

तुमच्या यादीत शेवटी लिहिलंय, "माळवद पाडून तिथे गेस्टरूम." कारण म्हणून "जुनाट दिसते" असं लिहिलंय. अण्णा, तुम्ही लेंगा तीस वर्षं एकाच शिंप्याकडून शिवून घेता, जुनाट दिसण्याची तुम्हाला कधी पर्वा होती? 30 सप्टेंबर 1993 नंतर तुम्ही त्या खोलीत एक रात्रही झोपला नाहीत, हे मला माहीत आहे. मी आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला तुम्ही मला बाजेवरून वाकळीसकट उचलून अंगणात आणलंत आणि मग आजीसाठी परत आत गेलात. किल्लारी आपल्याच तालुक्यात. आपलं घर उभं राहिलं, फक्त मागच्या भिंतीला पोट आलं. पुढे वर्षभर आपण पत्र्याखाली राहिलो. भूकंपाविषयी तुम्ही शाळेत मुलांना शिकवलंत, घरात कधी बोलला नाहीत. तुम्हाला ती खोली जुनाट वाटत नाही, तिची भीती वाटते. तसंच म्हणा ना. मीही तिथे मुलांना झोपवत नाही.

आणि आई, तू रोज दुपारी तिथेच लवंडतेस, कारण बाहेर पारा चाळिशीच्या वर असतानाही त्या खोलीत अंगावर पातळ घ्यावंसं वाटतं. दोन हात जाडीची भिंत, वर लाकूड आणि माती, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तुझं बरोबर आहे. आणि अण्णांची भीतीही बरोबर आहे, कारण जे गार ठेवतं तेच जड आहे.

अण्णा, गणित तुमचा विषय, तपासा. खोली दहा बाय पंधरा, म्हणजे 150 चौरस फूट. आजोबा दर पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचे आणि जुना कुणी काढायचं नाही. आज फूटभर माती धरली तरी 150 घनफूट. घनफुटाला 45 किलो धरा. पावणेसात टन होतात, ओली माती याहून जड. दीड फूट असेल तर दहा टन. खाली मातीत रचलेली दगडाची भिंत, आतली आणि बाहेरची अशा दोन थरांची, मध्ये भरड. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नाहीतच. म्हणून भूकंपात बाहेरचा थर फुगला. त्या वेळी गावोगाव भिंती अशाच फुटल्या आणि छतं माणसांवर बसली.

माझं म्हणणं असं. गुत्तेदाराला विचारू नका, त्याला पाडण्यात आणि बांधण्यातच पैसा आहे. लातूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणू, त्याची फी मी देते. भूकंपानंतर अशी घरं मजबूत करायच्या रीती आपल्याच भागात वापरल्या गेल्यात: वरची जादा माती उतरवायची, थोड्या मातीखाली प्लॅस्टिकचा कागद घालून पाणी अडवायचं, भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार काँक्रीटचे गठ्ठे घालायचे, चारी भिंतींना वरून पट्टा बांधायचा. इंजिनिअर म्हणाला की होईल, तर आईची खोली राहील. तो म्हणाला की भिंत गेलीय, तर पाडू, आई, मीही तुझ्या बाजूने भांडणार नाही. तुळया आणि त्यांच्यावरच्या लादणीचं सागवान मात्र गुत्तेदाराला "उचलून न्या" म्हणून देऊ नका, त्याचा भाव त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. त्याची दारं होतील. आणि तिथे गेस्टरूमऐवजी हलक्या छताची, समोरासमोर खिडक्यांची खोली करू, दुपारी आई आणि रात्री अण्णा, दोघांनाही झोपता येईल अशी.

तोपर्यंत एक करा. आई, दुपारी तिथे झोपतेस तेव्हा बाज पोट आलेल्या भिंतीपासून ओढून दाराकडे घे. आजच.

पैशाचं. तुमच्या साडेतीन लाखांतून न्हाणी, वायरिंग आणि खोली आधी. उरलं तर पीओपी आणि दिवेही लावा, मी उद्घाटनाला येईन. सोलरचा विचार नंतर, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 पर्यंत अनुदान आहे, पण तुमचं बिल एवढं कमी की एक किलोवॅट पुरावा, त्याला 30,000. पुढे बसून ठरवू.

गवंडीकाम येळवशीनंतर, म्हणजे वेळा अमावस्या झाली की लगेच सुरू करायचं. उन्हाळ्यात नको, सिमेंटला पाणी मारायला आणायचं कुठून? टँकरचं पाणी भिंतीवर शिंपडायला माझी छाती होत नाही, 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेलं अजून डोळ्यांपुढे आहे.

मी येळवशीला दोन दिवस आधी येते. आई, भज्जीच्या शेंगा मी निवडीन, तू त्या हाताने आंबील ढवळू नकोस.

अण्णा, एक काम तुमच्याकडे. आईला खुर्चीवर चप्पल न घालता बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या खाचेपासून टाचेपर्यंतचं अंतर टेपने मोजून मला कळवा. तुमचंही. कमोडची उंची त्यावर ठरवायची आहे. ती "काय करायलाव हे" म्हणेल, तरी मोजा.

तुमची,
सुमी