तीन मैल

लिमरिक, आयर्लंड
रविवार दुपार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप तीनदा ऐकला. अकरा मिनिटं बोललास, त्यातली चार तरी वाऱ्यात गेली. बांधावर उभा राहून बोलत असशील. तरी मुद्दा पोचला. आपल्या शाळेचा पट १४ वर आलाय, आसपासच्या छोट्या शाळा मिसळून एक समूह शाळा करायचं पुन्हा निघालंय, अर्धं गाव म्हणतं गुरुजींनी विरोध करावा आणि उरलेल्या अर्ध्याला मोठी शाळा झाली तर हवीच आहे. वर तू मलाच विचारतोस, "तिकडं म्हणे सगळं शिक्षणानं झालं, मग छोट्या शाळांचं काय केलं त्यांनी?" हे फोनवर सांगत बसले तर झोप व्हायची नाही आणि रात्री ड्यूटी आहे. म्हणून लिहिते.

सगळं शिक्षणानं झालं, हे अर्धंच खरं. पण त्या अर्ध्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे आणि ती आमच्या लिमरिकच्याच एका खासदाराची आहे. डोनो ओमॅली त्यांचं नाव. १९६६ च्या उन्हाळ्यात ते शिक्षणमंत्री झाले. तेव्हा इथं प्राथमिक शाळा फुकट होती, पण माध्यमिक शाळा बहुतेक चर्चच्या आणि फी घेणाऱ्या. फी परवडत नसेल तर व्यवसाय शिक्षणाची शाळा होती, पण तिथून पुढं विद्यापीठाकडं जायची वाटच नव्हती. दर वर्षी सुमारे १७ हजार मुलं प्राथमिकनंतर शाळेचं तोंड पाहत नसत, म्हणजे तीनातलं एक. सक्तीचं शिक्षणच मुळी १४ वर्षांपर्यंत होतं.

ओमॅलींनी १० सप्टेंबर १९६६ ला, शनिवारी, पत्रकारांच्या एका समारंभात उभं राहून जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षापासून माध्यमिक शिक्षण मोफत. मंत्रिमंडळाची रीतसर मंजुरी नाही, अर्थखात्याला पत्ता नाही. पंतप्रधान लेमास यांना आधी कल्पना होती असं म्हणतात. अर्थखात्याचे सचिव व्हिटेकर मात्र भडकले. गंमत बघ, हे व्हिटेकर काही शिक्षणाचे वैरी नव्हेत. १९५८ साली देशाचे दरवाजे परकीय भांडवलाला उघडायचा आराखडा त्यांनीच लिहिला होता. पण पैसा कुठून आणणार हे न सांगता घोषणा करायची, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. मला दोघंही बरोबर वाटतात. तू म्हणशील, बाई पुन्हा दोन्ही डगरींवर पाय ठेवते.

घोषणा तर झाली. पण मला जे सांगायचंय ते पुढं आहे. फी माफ केल्यावर सरकारच्या लक्षात आलं की खेड्यातल्या पोराला फीपेक्षा अंतर नडतं. म्हणून १९६७ पासून माध्यमिक शाळेपासून तीन मैलांपेक्षा लांब राहणाऱ्या मुलांसाठी फुकट बस सुरू केली. तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटर. आपल्याकडं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर धरलेत ना, तसाच हा हिशोब.

माझ्या शेजारी एक बाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. इथून तासभर लांबच्या एका शेतकरी घरातल्या. १९६७ साली त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या बोळाच्या तोंडाशी बस आली आणि त्या माध्यमिक शाळेत गेल्या, पुढं कॉलेजात, आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांची बहीण दोनच वर्षांनी मोठी. ती बस यायच्या आधी शाळा सोडून बसली होती, ती इंग्लंडला घरकामाला गेली. एकच घर, एकच आईबाप, डोकं म्हणाल तर मोठीचंच जास्त चालायचं, असं ह्या स्वतः सांगतात. बहीण आता नाही. ह्या बाईंनी मला एकदा चहाच्या वेळी हे सांगितलं आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मी पण काही बोलले नाही.

मला तेव्हा आपल्या आबांचं पालुपद आठवलं. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे सगळे सांगतात, पण त्याआधी १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली ते कुणी सांगत नाही, असं ते म्हणायचे. खेड्यातलं पोर शाळेपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न आधी सोडवला. कर्मवीरांनीही तेच केलं. ती वसतिगृहं आणि ही बस, दोन्ही एकाच दुखण्यावरचं औषध.

आता तुझ्या छोट्या शाळांचं. ओमॅलींच्या आधीचे मंत्री जॉर्ज कोली यांनी एक-दोन शिक्षकी शाळा बंद करून मोठ्यांत मिसळायचं धोरण आणलं. कारणं तीच, जी तुला तालुक्याला ऐकवतात : दर्जा, विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, खर्च. गॉलवेच्या बिशपांनी तर मंत्र्यांना समोरासमोर सुनावलं. तरी शेकडो शाळा मिटल्या. पुढं दहा-बारा वर्षांत सरकारचा जोर ओसरला आणि आजही या देशात चार शिक्षक किंवा त्याहून कमी असलेल्या भरपूर प्राथमिक शाळा आहेत. म्हणजे छोटी शाळा श्रीमंत देशाला परवडत नाही, हे कुणी सांगितलं तर खुशाल नाही म्हण. पण मोठी केलेली प्रत्येक शाळा वाईट निघाली असंही नाही. जिथं बस वेळेवर आली तिथं पोरांचं भलं झालं.

उरलेलं अर्धं खरं आता सांगते. शिक्षण मोफत झालं १९६७ ला, आणि भरभराट आली ती १९९० च्या दशकात. मधल्या काळात? १९८० च्या दशकात इथं बेकारी १७ टक्क्यांपर्यंत गेली आणि सरकारी खर्चानं शिकलेली पोरं लंडन, बोस्टन, सिडनीला गेली. भरभराटीमागं कारणं पुष्कळ : १९७३ साली युरोपीय समुदायात शिरले, परदेशी कंपन्यांना कर कमी ठेवला, इथून जवळच शॅनन विमानतळाला लागून १९५९ पासून करमुक्त औद्योगिक क्षेत्र काढलं. पण कंपन्या आल्या तेव्हा कामाला शिकलेली माणसं तयार होती, तो भाग बसचा.

आणि ती परदेशी गेलेली पोरं म्हणजे दुसरं कोण? मीच की. मी सरकारी कॉलेजातून नर्सिंग केलं, फी नावालाच होती. माझ्या शिक्षणाचा पैसा महाराष्ट्रातल्या माणसांनी भरला आणि मी नाडी बघते लिमरिकच्या आज्यांची. याचं वाईट वाटतं का, तर वाटतं, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवताना जरा कमी वाटतं. एवढंच.

समान संधीचं म्हणशील तर इथंही ती कागदावर जास्त आहे. १९९६ ला पदवीची फी माफ झाली. वाटलं गरिबांची पोरं विद्यापीठात लोंढ्यानं येतील. तसं काही झालं नाही. फी वाचली ती ज्यांना ती परवडत होतीच त्यांची, आणि त्यातली बरीचशी बारावीच्या शिकवण्यांवर गेली. आपल्या क्लासेसचाच भाऊ! इथं त्याला "ग्राइंड्स" म्हणतात, म्हणजे दळणच. २००५ पासून गरीब वस्त्यांतल्या शाळांना जास्तीचे शिक्षक आणि पैसे द्यायची योजना आहे. ती मला त्या फीमाफीपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण ती मूल लहान असतानाच हात धरते.

म्हणून दादा, शाळा समितीत नुसता विरोध नोंदवू नकोस. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा आहेत, प्रत्येकीत कुणीतरी "विरोध" एवढंच लिहिलं तर कुणी वाचणार नाही. ठरावात प्रश्न घाल. गाडी वस्तीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत? पहिली-दुसरीची पोरं गाडीत असतील तर बरोबर मदतनीस कोण? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं कुठं थांबणार? गाडी वर्षभर चालेल याची लेखी हमी कोण देणार आणि ती बंद पडली तर शाळा परत उघडणार का? उत्तरं आली तर मिसळायला माझी हरकत नाही, चौदा पोरांना दोन वर्गमित्र सुद्धा धड मिळत नाहीत. नाही आली तर तुझा विरोध आपोआप सिद्ध झाला.

सोनूचा विचार कर. तिच्याकडं अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा पास आहे, एक पैसा लागत नाही. पण आपला रस्ताच गाडी येण्यासारखा नाही, त्यामुळं फाट्यापर्यंत ती चालतेच. मागच्या वेळी आले होते तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. फोनमध्ये मोजलं, साडेतीन किलोमीटर भरलं. ही चाल पासवर कुठं छापलेली नाही.

रस्त्याचं काम कुठवर आलं ते कळव. वहिनीला म्हणावं तूप पाठवायचा विचार करू नकोस, कस्टमवाले फेकून देतात. आईला नमस्कार, सोनूला पापा.

तुझी धाकटी

ता. क. ठराव पाठवायच्या आधी त्याचा फोटो मला टाक. तुझं अक्षर मलाच लागत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांना काय लागणार. टाइप करून देते.