पोटपानांवरचा हरवलेला मेनू

महोदय,
परवा एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधयंत्रातून थेट ‘परवानगीसाठी लागणारी कागदपत्रे’ या पानावर पोहोचलो, पण अर्जाचा नमुना आणि शुल्क या त्याच विषयाच्या पानांचा तिथे मागमूसही नव्हता. वर मात्र साऱ्या विभागांची लांबलचक यादी मोबाइलचा पडदा व्यापून बसली होती. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती अशी दडून राहिली, तर ती प्रसिद्ध झाली असे कसे म्हणावे?

उपाय खर्चिक नाही. संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत प्रत्येक पानाला पालक पान, म्हणजे ज्याच्याखाली ते पोटपान म्हणून येते ते वरचे पान, नेमता येते. उघडलेल्या पानाला पालक असेल तर त्या पालकाची सर्व पोटपाने बाजूच्या चौकटीत दाखवावीत, ते स्वतःच पालक असेल तर त्याची पोटपाने दाखवावीत, आणि दोन्ही नसेल तर ती चौकटच दाखवू नये, एवढी अट पानाच्या साच्यात घालायची असते. तिसऱ्या पातळीवरील पानांसाठी मात्र लगतच्या पालकावर न थांबता सर्वांत वरच्या पूर्वजापर्यंत जावे लागते. (नेमके इथेच कंत्राटदार हात आखडतात, असा माझा अनुभव आहे.) संकेतस्थळांच्या निविदांमध्ये ही अट स्पष्टपणे लिहावी, ही विनंती.

– एक वाचक