ऑर्डरींच्या धावफलकात न दिसणारी भागीदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठे हवाई प्रदर्शन भरले की अमेरिकेच्या बोइंगला किती आणि युरोपच्या एअरबसला किती विमानांच्या ऑर्डरी मिळाल्या, याच्या बातम्या सामन्याच्या धावफलकासारख्या येतात. कोण पुढे, कोण मागे, एवढेच वाचकाच्या हाती लागते. ही चुरस खोटी नाही. सरकारी मदतीवरून दोन्ही बाजू जागतिक व्यापार संघटनेत २००४ पासून तब्बल १७ वर्षे भांडल्या आणि २०२१ मध्ये कुठे तात्पुरता समेट झाला. पण या उद्योगाची निम्मी गोष्ट सहकार्याची आहे आणि ती बातम्यांत जवळजवळ येतच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

एअरबसचा तर जन्मच भागीदारीतला. अमेरिकी कंपन्यांपुढे एकट्यादुकट्याने टिकाव लागेना, म्हणून मे १९६९ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने करार केला. ब्रिटनच्या सरकारने आयत्या वेळी अंग काढून घेतले, तरी तिथली हॉकर सिडली ही कंपनी पंख बनवण्यासाठी स्वतःच्या जबाबदारीवर प्रकल्पात राहिली. आता पंख एका देशात, धडाचे भाग दुसऱ्या देशात आणि जुळणी फ्रान्समधल्या तुलूजला. एवढे अवजड भाग न्यायचे कशातून? त्यासाठी आणली गेली ‘सुपर गप्पी’ विमाने, आणि ती मुळात बोइंगच्याच जुन्या स्ट्रॅटोक्रूझर जातीच्या विमानांचे धड फुगवून तयार केलेली होती. वैमानिकांच्या कक्षासकट पुढचा सगळा भाग बिजागऱ्यांवर बाजूला वळायचा आणि उघड्या पोटात विमानाचे भाग सरकवले जायचे. १९९० च्या दशकात एअरबसचे स्वतःचे ‘बेलुगा’ आले, तोवर प्रतिस्पर्ध्याच्या घरातूनच निघालेली ही विमाने एअरबसचे भाग वाहत होती.

इंजिनाची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांनी १९७४ मध्ये सीएफएम ही संयुक्त कंपनी काढली. इंजिनाचा तप्त गाभा अमेरिकनांचा, पुढचा मोठा पंखा आणि कमी दाबाचा टर्बाइन फ्रेंचांचा. हा गाभा बॉम्बफेकी विमानाच्या इंजिनावरून घेतलेला असल्याने आधी अमेरिकी सरकार परवानगी देईना. अखेर १९७३ मध्ये निक्सन आणि पाँपिदू या दोन राष्ट्राध्यक्षांच्या आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, झालेल्या भेटीनंतर मार्ग मोकळा झाला. इतका खटाटोप करूनही कित्येक वर्षे गिऱ्हाईक मिळेना. १९७९ मध्ये डग्लसच्या डीसी-८ विमानांना ही इंजिने बसवायचे ठरले, तेव्हा प्रकल्प जगला. पुढे तेच सीएफएम-५६ बोइंग ७३७ लाही लागले आणि एअरबस ए३२० लाही. भर बाजारात एकमेकांशी झुंजणारी ही दोन विमाने एकाच कारखानदारांच्या इंजिनावर उडत आली आहेत.

सुरक्षिततेचे ज्ञान तर स्पर्धेच्या भिंती ओलांडूनच वाढले. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने तीन महिन्यांच्या अंतराने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधकांनी एका कॉमेटचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवले आणि उड्डाणागणिक वाढणारा-उतरणारा दाब पाण्याने पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. सुमारे ३,००० आवर्तनांनंतर धातू थकून धडाचा पत्रा फाटला. हे निष्कर्ष दडवले गेले नाहीत, चौकशी जाहीरपणे झाली. त्यानंतर आलेल्या बोइंग ७०७ आणि डीसी-८ च्या प्रवाशांना त्याचा लाभ झाला. कॉमेटची बाजारपेठ मात्र याच अमेरिकी विमानांनी नेली. ब्रिटिशांनी केवढी किंमत मोजून हे ज्ञान जगाला दिले!

याच्या उलट, चुरस डोक्यात गेली की काय होते तेही आपण पाहिले. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने नव्या इंजिनांचे ए३२० निओ जाहीर केले. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सने एअरबसकडे मोठी ऑर्डर नोंदवली आणि बोइंगने संपूर्ण नवे विमान आखण्याचा विचार सोडून जुन्या ७३७ लाच नवी इंजिने बसवायचे ठरवले. पण १९६० च्या दशकातले ७३७ जमिनीला फार जवळचे. मोठी इंजिने पुढे आणि वर सरकवावी लागली, त्यामुळे बदललेला तोल सावरायला एमकॅस ही संगणकीय यंत्रणा आली. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या या विमानांच्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. प्रतिस्पर्ध्याच्या वेळापत्रकावर विमानाची रचना ठरवणे मला अक्षम्य वाटते. विक्रीत हवी तेवढी ईर्षा करावी, आराखड्याच्या टेबलावर तिला जागा नको.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे. ऑर्डरींचे आकडे जरूर छापा, पण त्यांच्याशेजारी त्या विमानाचे इंजिन कोणाचे, पंख कुठे घडले आणि आधीच्या अपघातांच्या चौकशीतून त्याच्या रचनेत काय बदलले, हेही द्या. तिकीट काढून त्यात बसणाऱ्याला हे कळायलाच हवे.

आपला,
एक नियमित वाचक