आरशापुढे बसलेल्या बायका राहूनच गेल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इटालियन चित्रकारांच्या सेल्फ-पोर्ट्रेटवरचा लेख दोनदा वाचला, खूप आवडला. पार्मिजानिनोचं ते फुगीर आरशातलं चित्र छापलंत याचा जास्तच आनंद झाला, कारण मी शाळेत चित्रकला शिकवते आणि नववीच्या मुलांना दरवर्षी हेच दाखवते. न्हाव्याकडच्या आरशात दिसलं तसंच, तेही गोल फुगवट्याच्या लाकडावर, आणि पुढे आलेला तो भलाथोरला हात! 1524 च्या सुमाराचं चित्र, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा. पण पुढे टिशियन, कॅराव्हाज्जो, बायबलमधल्या गोलिअथ राक्षसाच्या कापलेल्या मुंडक्याला त्याने दिलेला स्वतःचा चेहरा, असं करत करत लेख संपला तरी त्यात एकही बाई आली नाही. ते मनातून जाईना म्हणून लिहितेय.

खरं तर स्वतःचं चित्र काढायची गरज सगळ्यात जास्त बायकांनाच होती. नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करायची मुभा त्यांना नव्हती, आरसा मात्र घरातच होता. शिवाय बाई एवढं चांगलं काढते यावर लोकांचा विश्वास बसायला हवा ना, मग हातात ब्रश घेतलेली मीच ही, असं दाखवणारं चित्र म्हणजे पुरावाच झाला.

क्रेमोनाची सोफोनिस्बा आंग्विसोला घ्या. तिने आयुष्यभर स्वतःला रंगवलं. 1554 च्या चित्रात, ते आता व्हिएन्नात आहे, तिच्या हातात छोटं उघडं पुस्तक आहे आणि त्यात लॅटिनमध्ये लिहिलंय की अविवाहित सोफोनिस्बाने हे स्वतःच स्वतःचं काढलं. सिएन्नातल्या दुसऱ्या चित्रात तिचे गुरू बर्नार्दिनो काम्पी तिचं पोर्ट्रेट रंगवताना दिसतात, म्हणजे ती गुरूंच्या कॅनव्हासवर आहे, पण गुरूंनाही रंगवलंय तिनेच आणि कॅनव्हासवरची ती गुरूंपेक्षा मोठी दिसते! हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आर्टेमिझिया जेंटिलेस्कीचं 1638-39 च्या सुमाराचं चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्या काळी चित्रकला ही देवतेसारखी बाईच्या रूपात दाखवायचे आणि ती कशी दाखवायची ते चेझारे रिपाच्या ग्रंथात लिहिलेलं होतं, विस्कटलेले केस, गळ्यात मुखवट्याची सोनसाखळी आणि तोंडाला बांधलेलं फडकं, कारण चित्र बोलत नाही. आर्टेमिझियाने केस घेतले, साखळी घेतली, फडकं तेवढं घेतलं नाही. पुरुष चित्रकाराला स्वतःला असं चित्रकला म्हणून रंगवताच आलं नसतं. आणि ती आपल्याकडे बघतही नाहीये, बाजूला वाकून कामात गढलीय. स्वतःला असं बाजूने बघायचं तर एक आरसा पुरत नाही, म्हणून लेखात ‘त्या काळचा सेल्फी’ म्हटलंय ते मला पटलं नाही.

व्हेनिसच्या रोझाल्बा कार्रिएराचं 1709 चं पेस्टल (रंगीत खडूंचं चित्र) तर फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातच आहे, हातात बहिणीचं पोर्ट्रेट धरलेलं. म्हातारपणीही तिने आपला चेहरा सोडला नाही, पुढे बिचारीची दृष्टी गेली.

सोफोनिस्बाचीही नजर उतारवयात अधू झाली होती. 1624 मध्ये पंचवीस वर्षांचा फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक इटलीतल्या पालेर्मोला तिला भेटायला गेला, ती नव्वदीच्या घरात. तो तिचं चित्र काढत होता तेव्हा तिने त्याला सांगितलं, उजेड फार वरून घेऊ नकोस, सुरकुत्यांच्या सावल्या गडद पडतील. त्याने ते आपल्या वहीत लिहून ठेवलंय.

पुरवणीत या तिघींना अर्धं पान तरी द्या अशी विनंती आहे. आणि सोफोनिस्बाचं ते 1554 चं चित्र मोठं छापा, पुस्तकातली अक्षरं वाचता येतील एवढं.

आपली नियमित वाचक,
एक चित्रकला शिक्षिका, सांगली